श्प्रिंगर्लेला पाय येत नाहीत, वाकडे फुगतात, चित्र तडकतं: नेमकं काय तपासायचं

नोव्हेंबर संपत आला की दरवर्षी हाच प्रश्न येतो, कधी नणंदेकडून, कधी इथल्या मराठी मैत्रिणींकडून ज्यांना सासरची किंवा शेजारच्या आजींची रेसिपी मिळालेली असते, की बाई सगळं अगदी लिहिल्याप्रमाणे केलं, साचा पण त्यांचाच जुना लाकडी वापरला, तरी दर वर्षी काहीतरी बिनसतंच, एका ट्रेला छान पाय येतात आणि पुढच्या ट्रेतले सगळे एकाच बाजूला कलतात, नाहीतर वरच्या चित्राला मधोमध भेग जाते, नाहीतर काहीच होत नाही, चपटे ठेवले तसे चपटेच बाहेर येतात. प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. श्प्रिंगर्ले म्हणजे दक्षिण जर्मनीत, त्यातही आमच्या श्टुटगार्टच्या बाजूला म्हणजे श्वाबियात, ख्रिसमसला होणारी कुकी. मुख्य सामान अंडी, पिठीसाखर आणि मैदा एवढंच, पिठात लोणी अजिबात नाही, आणि तळाशी आनिसचे, म्हणजे बडीशेपेसारख्या वासाचे, दाणे. कोरीव साचा दाबून वर चित्र उमटवायचं, घोडेस्वार, फुलांची परडी, पक्षी, हृदय, बायबलमधले प्रसंग, आणि ही परंपरा चांगलीच जुनी आहे, झुरिकच्या नॅशनल म्युझियममध्ये या प्रकारातला 14व्या शतकातला साचा ठेवलेला आहे. नीट जमला तर वरचा भाग पांढराशुभ्र, चित्रातली रेघन् रेघ शाबूत, आणि खाली चहूबाजूंनी फिकट सोनेरी, जाळीदार असा सारख्या उंचीचा पट्टा. त्या पट्ट्याला इथे फ्यूसले म्हणतात, म्हणजे पाय. घरातल्या आज्या डबा उघडला की चवीच्या आधी पाय बघतात. आपल्याकडे अनारसा तुपात हसला की करणारीचा चेहरा पडतो ना, अगदी तसंच, चव तीच असते पण जीव हळहळतो.

आता मुद्द्याचं. बहुतेक वेळा रेसिपीत काहीही चूक नसते, घोळ असतो तो वाळवणात. रेसिपीत अंडी मोजून दिलेली असतात, साखर ग्रॅममध्ये दिलेली असते आणि वाळवणाला मात्र एक ओळ, "रात्रभर वाळू द्या". ही ओळ आजीने स्वतःच्या घरासाठी लिहिलेली असते. आमच्याकडच्या ओमा (नवऱ्याची आजी, घरात सगळे ओमाच म्हणतात) पाट भरून श्प्रिंगर्ले झोपायच्या खोलीत कपाटावर ठेवायच्या, त्या खोलीत हीटर नावापुरता, खिडकी बंद, कुणाची ये-जा नाही, त्यामुळे त्यांचं रात्रभर म्हणजे नक्की किती हे त्यांना आणि त्या खोलीला माहीत होतं. तीच ओळ घेऊन तुम्ही नव्या बांधणीच्या, डबल काचांच्या, खालून गरम होणाऱ्या फरशीच्या फ्लॅटमध्ये करता तेव्हा गणित बदलतं.

पाय येतात कसे हे एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. साचा दाबलेली कुकी उघडी ठेवली की वरून आणि कडेने पाणी उडतं आणि साखरेची घट्ट, पातळ पापडी तयार होते. तळ मात्र पाटाला टेकलेला असतो म्हणून तो ओलसर राहतो. ओव्हनमध्ये गेल्यावर आतली हवा आणि गॅस फुगायला लागतात, वरची पापडी ताणली जात नाही, ती आहे तशी अखंड वर उचलली जाते आणि खालचं ओलं पीठ तिच्याखालून फुगून पट्टा बनतो. फ्रेंच मॅकरॉनला तळाशी जी झालर येते तिच्यामागे पण हेच तत्त्व आहे. म्हणजे गरज दोन गोष्टींची, वरून पक्कं कोरडं आणि खालून ओलं, आणि दोन्ही चारही बाजूंनी सारखं. आता जे बिघडतंय ते यातल्या कशामुळे हे शोधायचं.

पाय अजिबातच येत नाहीत, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आधी तळ बघा. बेक करायच्या आधी एक कुकी हळूच उचलून उलटी करा. तळाच्या मधोमध गडद, ओलसर गोल डाग दिसला पाहिजे आणि कडेला फिकट कोरडी किनार. पूर्ण तळ फिकट असेल तर तो पण वाळलाय, खालची फरशी गरम असेल किंवा पाट हीटरजवळ ठेवला असेल तर हे हमखास होतं. उपाय सोपा आहे आणि जुना आहे, सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, ताटात पसरा, एकेक कुकी त्यावर क्षणभर टेकवा आणि लगेच आनिस पसरलेल्या ट्रेवर ठेवा. तळ चिकट लागला पाहिजे, ओला चिंब नाही. ओमा हे काम बोटाने करायच्या, वाटीत पाणी, दोन बोटं बुडवून तळावरून एकदाच फिरवायची, आणि फिरवताना कडेपर्यंत न्यायची, नुसतं मधे लावलं तर मधेच फुगतो आणि कुकी डुगडुगते. हे मी जवळून पाहिलंय, त्यांचा हात कडेला किंचित जास्त रेंगाळायचा.

तळ ठीक असूनही पाय नसतील तर पुढचा संशय हिर्शहॉर्नझाल्त्सवर. हे म्हणजे पीठ फुगायला घालतात ते बेकर्स अमोनिया, मुख्यतः अमोनियम बायकार्बोनेट, गरम झालं की त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मागे काही उरत नाही. इथे ख्रिसमसच्या आधी सुपरमार्केटमध्ये छोटी पाकिटं मिळतात आणि एका वेळी त्यातलं चिमूटभरच लागतं, उरलेलं पाकीट दुमडून ड्रॉवरमध्ये जातं आणि पुढच्या वर्षी तेच बाहेर निघतं. उघडं पाकीट हळूहळू हवेतच उडून जातं, दिसायला पावडर असते पण जोर गेलेला असतो. चिमूटभर गरम पाण्यात टाकून बघा, लगेच फसफसलं पाहिजे आणि नाकात झणकन वास गेला पाहिजे. तसं झालं नाही तर नवीन आणा, आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. त्याच्याऐवजी बेकिंग पावडर चालेल का असं खूपजणी विचारतात, तर माझं उत्तर नाही असंच आहे, कारण बेकिंग पावडर ओलं पीठ लागल्या लागल्या काम सुरू करते आणि आपण तर कुकी चोवीस तास ठेवणार, तोवर तिचा बराचसा जोर संपलेला असतो. काही घरांत काहीच घालत नाहीत, नुसत्या फेटलेल्या अंड्यावर करतात, ते जमतं पण मग फेटण्यात जराही काटकसर चालत नाही.

फेटण्याबद्दल. अंडी आणि पिठीसाखर हाताने तासभर फेटायची जुन्या लोकांची पद्धत होती, आपल्याकडे मशीन आहे तर निदान वीस मिनिटं तरी फिरू द्या, पांढरं, दाट, आणि वरून धार सोडली तर तिची रेघ थोडा वेळ तशीच राहिली पाहिजे. पाच मिनिटांत पांढरं दिसायला लागतं म्हणून लोक थांबतात. तेव्हा साखर विरघळलेली नसते, दोन बोटांत चोळून बघा, कणी लागली तर अजून फिरवा. विरघळलेल्या साखरेशिवाय वरची पापडी एकसंध बनत नाही.

आता अंडी. वहीत लिहिलेलं असतं 4 अंडी, 500 ग्रॅम पिठीसाखर, 500 ग्रॅम मैदा. कुठली अंडी? इथे M म्हणजे 53 ते 63 ग्रॅम आणि L म्हणजे 63 ते 73 ग्रॅम, कवचासकट. लहानात लहान चार M आणि मोठ्यात मोठी चार L यांच्यातला फरक कवच काढूनही 70 ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे जवळजवळ दीड अंडं जास्त. एवढं जास्त पाणी पिठात गेलं की पीठ सैल होतं, मग आपण वरून मैदा घालत बसतो, मग गोळा कोरडा होतो आणि साचा दाबताना त्याला भेगा पडतात, आणि दोष जातो साच्याला. माझी कळकळीची विनंती आहे की अंडी फोडून वजन करा, कवचाशिवाय 200 ग्रॅम, कमी पडलं तर अजून एक अंडं फेटून त्यातलं थोडं घाला. मैदा टाइप 405 चा, म्हणजे इथला नेहमीचा पांढरा मैदा, पण सगळा एकदम घालू नका, शेवटची मूठ हाताला अंदाज येईल तशी. गोळा मऊ हवा, पण हाताला चिकटायला नको. तो झाकून निदान तासभर थंड जागी ठेवा, मग साचा सुटसुटीत निघतो.

वाकडे होणारे, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला जमिनीला टेकलेले, यांचा उगम बहुतेक वेळा खिडकीत असतो. जर्मनीत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की दिवसातून दोनतीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून हवा बदलायची सवय इथे घरमालकच लावतात, भिंतीला बुरशी येऊ नये म्हणून. चांगली सवय आहे, पण ज्या खोलीत श्प्रिंगर्ले वाळतायत तिथे ती चोवीस तास बंद ठेवा. वाऱ्याची झुळूक ज्या बाजूने येते ती बाजू लवकर आणि जाड वाळते, ओव्हनमध्ये ती बाजू उचलत नाही आणि कुकी तिकडे झुकते. सगळ्या कुकी एकाच दिशेला कलल्या असतील तर कारण झुळूक, हीटर किंवा ओव्हनचा फॅन, बेलाशक. प्रत्येक कुकी वेगळ्या दिशेला कलली असेल तर मात्र लाटण्यात चढउतार आहे. सुमारे 1 सेंटिमीटर जाडी हवी आणि सगळीकडे तेवढीच हवी, दोन्ही बाजूंना 1 सेंटिमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवलं की प्रश्न मिटतो. कापायला मी करंजीचं कातणं वापरते, सुरीने दाबून कापलं तर कड खाली चेपली जाते आणि चेपलेल्या कडेला पाय येत नाही, कातणं फिरत जातं म्हणून कड सरळ राहते.

फॅनचं वेगळं सांगते कारण यात खूप जणांची वर्षानुवर्षं गफलत होते. ओव्हन फॅनवर ठेवू नका. वरची आणि खालची उष्णता, 150 डिग्री, ओव्हन पूर्ण तापलेला, ट्रे खालच्या बाजूच्या खाच्यात, एका वेळी एकच ट्रे. आकाराप्रमाणे वीस ते पंचवीस मिनिटं. तळ फिकट सोनेरी, माथा पांढरा. माथ्याला रंग यायला लागला तर उष्णता जास्त आहे, ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यात फरक असू शकतो, दहा-पंधरा युरोचं ओव्हन थर्मामीटर आणून एकदा बघून घ्या. ट्रेला लोणी लावायची पद्धत असेल तर ब्रशने अगदी पातळ लावा, जिथे जाड थर राहतो तिथून कुकी घसरते आणि लंगडी होते.

चित्र तडकणं म्हणजे पापडी कच्ची. आतून जोर आला, वरचं अजून मऊ होतं, फाटलं. नखाच्या मागच्या बाजूने हलकेच टोकून बघा, कोरडा टकटक आवाज यायला हवा, आणि बोट टेकवलं तर थंड किंवा दमट लागायला नको. चोवीस तासांनी पण दमट लागत असेल तर अजून बारा तास थांबा, घाई करू नका, छत्तीस तासांनी काही बिघडत नाही, तळ ओला करायचा उपाय हातात आहेच. हिवाळ्यात इथली बाहेरची हवा थंड असते आणि ती घरात येऊन तापली की फार कोरडी होते, म्हणून खरं तर हे काम डिसेंबरच्या आसपास सोपं जातं, पण त्याच खोलीत कपड्यांचा स्टँड उभा असेल किंवा स्वयंपाकघरात भात, पास्ता, चहा उकळत असेल तर ओल वाढते. घरात ह्युमिडिटी मीटर असेल तर चाळीस ते पन्नास टक्के दाखवत असेल अशी खोली निवडा. पापडी पक्की असूनही तडकत असेल तर हिर्शहॉर्नझाल्त्स जास्त झालंय, 500 ग्रॅम मैद्याला सुरीच्या टोकावर राहील एवढंच पुरे, ते चमचाभर किर्शवासरमध्ये (चेरीची दारू) किंवा पाण्यात विरघळवून घाला, कोरडंच टाकलं तर गाठी राहतात आणि त्या जागी पोकळ भोकं पडतात. कच्चं पीठ चाखू नका, मुलांना पण देऊ नका, यात हिर्शहॉर्नझाल्त्स पण आहे आणि कच्ची अंडी पण.

चित्र पुसट येतं त्याचं कारण साचा नीट दाबला जात नाही किंवा पीठ चिकटतं. साच्यावर ब्रशने कॉर्नस्टार्च लावायचा आणि उलटा करून टकटक आपटून जास्तीचा झाडायचा, नाहीतर बारीक रेघा स्टार्चनेच भरून जातात. जुने साचे पेअरच्या लाकडाचे असतात, ते पाण्यात बुडवू नका, साबण लावू नका, डिशवॉशरचं तर नावच नको. मऊ टूथब्रशने कोरडेच झाडायचे. आजीचा साचा तडकला तर तसा परत मिळत नाही.

आणि आता ती गोष्ट जी मी प्रत्येकीला सगळ्यात आधी सांगते. पूर्ण ट्रे ओव्हनमध्ये घालायच्या आधी एकच कुकी बेक करा. एकच. तिच्याकडे बघून पुढचं ठरवा: तडकली तर बाकीच्या अजून वाळवा, पाय आले नाहीत तर बाकीच्यांचा तळ ओला करा, कलली तर ट्रे फिरवून दुसरी एक घाला, तीही ओव्हनच्या त्याच कोपऱ्याकडे कलली तर दोष ओव्हनचा, नाहीतर वाळवणाचा. वीस मिनिटं जातात पण पाच ट्रे वाचतात. इथल्या जुन्या बायका हे न बोलता करतात, वहीत कुणी लिहीत नाही कारण त्यांना ते लिहिण्यासारखं वाटतच नाही.

दात लागत नाहीत एवढे कडक झाले ही तक्रार पण येते, तर ती तक्रार नाहीच, ताजे श्प्रिंगर्ले कडकच असतात. म्हणूनच ते नोव्हेंबरअखेर करायचे. पत्र्याच्या डब्यात भरून थंड जागी ठेवायचे आणि सोबत सफरचंदाची एक फोड बेकिंग पेपरवर ठेवायची, फोड दर दोनतीन दिवसांनी बदलायची नाहीतर तिलाच बुरशी येते. दोनतीन आठवड्यांत ते हळूहळू ओल ओढून मऊ होतात आणि आनिसचा वास तळापासून वरपर्यंत चढतो. पहिल्या दिवशी खाल्लेला आणि तीन आठवड्यांनी खाल्लेला श्प्रिंगर्ले म्हणजे दोन वेगळे पदार्थ वाटतात.

आनिसऐवजी भारतातून आणलेली बडीशेप चालेल का? वास बराच जवळचा आहे कारण दोन्हींत अ‍ॅनेथॉल हेच मुख्य, पण झाड वेगळं, आपली रोजची बडीशेप मोठी आणि चवीला सौम्य, आनिसचा दाणा बारीक आणि जास्त गोड-तिखट. नाहीच मिळाला आनिस तर बारीक लखनवी बडीशेप घ्या. दोन्हींपैकी काहीही घेतलं तरी कोरड्या तव्यावर किंचित गरम करून घ्या, रंग बदलू न देता, वास एकदम खुलतो.

भारतात करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बेकर्स अमोनिया बेकरीच्या सामानाच्या दुकानात त्याच नावाने मागा, नवसागर घेऊ नका, तो अमोनियम क्लोराइड, वेगळा पदार्थ आहे, पापडखार पण वेगळा. आणि हवा. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत खरी, पण मुंबईच्या हवेत पापडी धरणं फार अवघड जातं, तिथे बंद खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर लावावाच लागेल, एसीचा झोत पाटावर थेट येणार नाही असं बघून. पुणे, नाशिक, नागपूर इथे डिसेंबर-जानेवारीत दिवसाची हवा बरीच कोरडी असते, तिथे एसीशिवाय जमायला हवं, फक्त पंखा बंद ठेवा. पावसाळ्यात मात्र करायला घेऊ नका, कुठेच.

कुणाचं यातलं सगळं तपासूनही बिघडत असेल तर मला तीन गोष्टी सांगा: वाळवताना खोलीतली ह्युमिडिटी किती होती, बेक करायच्या आधीचा तळाचा फोटो, आणि ओव्हन कुठल्या सेटिंगवर होता. नुसता वाकड्या कुकीचा फोटो पाठवला तर त्यावरून अंदाज बांधता येतो, कारण सांगता येत नाही.